वाडींतील पडलेलीं झाडें व ओझें उचलणाऱ्या लहान यंत्राची निवड

झाड लावणें, तें वाढविणें व त्याचें फळ उतरविणें, या गोष्टींचा आपल्या किनारपट्टीच्या बागाईतदारास पिढ्यान् पिढ्या अनुभव आहे. पडलेलें झाड वाडीबाहेर काढणें या कामाकडे मात्र तो आपत्तीचा एक भाग म्हणून पाहतो. त्याची आधीं कांहीं योजना करून ठेवावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यांतील दिवेआगरनजीक किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होता. नारळ, सुपारी, आंबा, फणस यांचीं असंख्य झाडें थोड्या तासांत आडवीं झालीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ कोंकण किनाऱ्यालगत जाऊन गुजरातेंत शिरलें, तेव्हां पुन्हां तोच प्रकार घडला. अशा वेळीं पंचनामे होतात, झाडें मोजलीं जातात, जातवार तक्ते भरले जातात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें असे तक्ते त्यानें पुष्कळ पाहिले आहेत. परंतु तें लांकूड किती माणसांनीं, किती वेळां, कोणत्या अंतरावर उचलून नेलें, याचा रकाना त्यांपैकीं एकाही तक्त्यांत नसतो. ज्याचा रकाना नाहीं त्याचा विचारही होत नाहीं. तो विचार व्हावा, एवढ्याकरितां हा लेख आहे.

पडलेलें खोड वाडींत तसेंच कुजूं द्यावें असें कोणास वाटेल, तर तें हितावह नाहीं. कुजणाऱ्या माडाच्या खोडांत व शेणखताच्या ढिगांत गेंड्या भुंग्याची पैदास होते, आणि जखमी माडांत सोंड्या भुंगा शिरतो. वादळांतून वांचलेले माड पुढें या किडींस बळी पडतात. तेव्हां खोडें हलविलींच पाहिजेत. प्रश्न एवढाच उरतो कीं, तीं कोणाच्या पाठीवरून हलवावयाचीं?

अलीकडे चेनसॉ घरोघर झाल्यामुळें कापण्याचें काम झटपट होतें. जें खोड पूर्वीं दोघे करवतकरी अर्धा दिवस कापीत, त्याचे तुकडे आतां घटकाभरांत पडतात. वाहण्याचें काम मात्र जेथल्या तेथेंच राहिलें आहे. उलट तुकडे लवकर पडूं लागल्यानें ओझें वाहणारांवर घाई आली. त्यावर उपाय म्हणून बागाईतदार जेसीबी बोलावतो. तें थोरलें यंत्र वाडीच्या दारांतून आंत येऊं शकत नाहीं; तें रस्त्यावर उभें राहतें, आणि गडी आंतून खांद्यावर ओंडके वाहून त्याच्यापुढें आणून टाकतात. यंत्राचें भाडेंही दिलें गेलें आणि गड्याची पाठही वांचली नाहीं, असा हा दुहेरी खर्च होय. म्हणून या लेखाचें मुख्य प्रतिपादन असें आहे कीं, यंत्राची निवड त्याच्या ताकदीवरून करूं नये. आपल्या वाडींत मनुष्य ओझें कोठें कोठें उचलतो तें आधीं पाहावें, आणि त्यांतील जास्तींत जास्त उचल जें यंत्र टाळील तें घ्यावें.

१. एक ओंडका किती वेळां उचलला जातो?

झाड एकदांच पडतें, परंतु त्याचें लांकूड सामान्यतः चार वेळां उचललें जातें. पहिली उचल, कापल्या जागेवरून वाटेच्या कडेपर्यंत. दुसरी, वाटेनें गडग्याच्या दारापर्यंत. तिसरी, दारांतून रस्त्यावरील गाडींत. आणि चौथी, गाडींतून वखारींत किंवा घरच्या अंगणांत. यांपैकीं तिसऱ्या उचलीचा त्रास सर्वांस दिसतो, कारण ती रस्त्यावर होते. परंतु खरी अवघड उचल पहिली असते. तेथें पायाखालीं पाट असतात, ओल्या झावळ्या असतात, मुळ्या वर आलेल्या असतात. मनुष्यास वांकून, अंग पिळवटून ओंडका हातांत घ्यावा लागतो. कंबर व मणके बिघडण्याचे प्रसंग वांकण्यांत आणि वांकलेल्या स्थितींत वळण्यांत अधिक येतात. नुसतें वजन हें त्याचें एक कारण झालें. उचलण्याची पद्धत व जागा हें दुसरें.

आतां हिशेब पाहूं. तीन फूट घेराचा व पंचेचाळीस फूट उंचीचा माड पडला, तर त्याच्या खोडाचें वजन सुमारें ९०० किलो भरतें. हें कसें काढावयाचें तें पुढें दिलें आहे. त्याचे चार चार फुटांचे तुकडे केले तर अकरा तुकडे व एक लहानसा शेंडा होतो आणि प्रत्येक तुकडा ८१ किलोंचा होतो. चार उचली धरल्या तर एका माडामागें ३,६०० किलो, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक ओझें मनुष्याच्या हातून जातें. वीस माड पडले असतील तर ७२ टन झाले! आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालच्या १२८ क्रमांकाच्या शिफारशींत प्रौढ पुरुषानें हातानें वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली आहे, व स्त्रियांकरितां ती याहून पुष्कळ कमी असावी असें म्हटलें आहे. ८१ किलोंचा तुकडा एका गड्याच्या खांद्यावर देणें या मर्यादेच्या बाहेरचें आहे, हें सांगण्यास वैद्य नको.

२. ओंडक्याचें वजन काढण्याची सोपी रीत

यंत्र निवडण्यापूर्वीं आपणांस काय उचलावयाचें आहे तें समजलें पाहिजे. ओल्या लांकडाचें वजन ढोबळ मानानें तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याइतकें धरावें. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारें २८ किलो. लांकडाचे व्यापारी घनफळ काढतांना घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात व लांबीनें गुणतात. विक्रीच्या व्यवहारास ही रीत रूढ आहे. परंतु तिनें खऱ्या घनफळाच्या शंभरांपैकीं साधारण साडेअठ्ठ्याहत्तर भागच हिशेबांत येतात. ही तूट साल व तासणावळ यांकरितां सोडलेली असते. वजन काढण्यास तीच रीत जशीच्या तशी लावली, तर मनुष्य एक-पंचमांशाहून अधिक फसतो. सबब वजनाकरितां पुढील रीत ध्यानांत ठेवावी:

घेराचा चौथा भाग फुटांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, लांबीच्या फुटांनीं गुणावें, आणि येणाऱ्या संख्येस ३६ नें गुणावें. उत्तर किलोंत येतें.

उदाहरणार्थ, पांच फूट घेराचा व सहा फूट लांबीचा आंब्याचा ओंडका घेऊं. घेराचा चौथा भाग सव्वा फूट. त्याचा वर्ग १.५६, सहानें गुणून सुमारें ९.४, आणि ३६ नें गुणून ३३८ किलो. व्यापारी घनफळास २८ नें गुणून कोणी वजन काढील, तर तें २६३ किलोच येईल आणि यंत्रावर ७५ किलो अधिक पडतील. तीन फूट घेराच्या माडाचें खोड या रीतीनें दर फुटास सुमारें २० किलो भरतें. दीड फूट घेराच्या पोफळीचें दर फुटास ५ किलो. माडाचा बुडखा वरच्या भागाहून जाड व जड असतो, आणि पावसांत भिजलेलें कोणतेंही लांकूड अधिक भरतें. म्हणून आलेल्या उत्तरावर दहावा भाग आणखी धरावा.

या रीतीचा उपयोग दुहेरी आहे. यंत्र किती उचलूं शकतें हें ठाऊक असल्यास ओंडका किती लांबीचा कापावा, हें कापण्यापूर्वींच ठरवितां येतें. गडी खांद्याच्या सोयीनें कापतो. यंत्र असेल तेथें यंत्राच्या व वाटेच्या सोयीनें कापलें पाहिजे.

३. वाट आधीं मोजावी

कित्येक ठिकाणीं यंत्र आल्यावर मग दार मोजतात. तोंवर त्याच्या वाहतुकीचा खर्च झालेला असतो. वाडीच्या मालकानें पुढील गोष्टी फीत घेऊन आधींच मोजाव्या व वहींत लिहून ठेवाव्या. पहिली, रस्त्यापासून झाडापर्यंतच्या वाटेंत सर्वांत अरुंद जागा किती फूट आहे. दुसरी, डोक्यावरची सर्वांत कमी मोकळीक किती आहे. खालीं आलेली फांदी, विजेची तार, दाराची कमान यांचा यांत विचार करावा. तिसरी, वळावयास सर्वांत लहान जागा कोठें व केवढी आहे. चौथी, चढ-उतार, पायऱ्या व पाखाड्या कोठें आहेत. पांचवी, वाटेंत साकव असल्यास त्यावरून किती भार जाऊं शकतो; एक टनाचें यंत्र जाईल म्हणून तीन टनांचेंही जाईल असें नाहीं. उघड्या विहिरी व पाट यांच्या जागाही वहींत लिहाव्या. विहिरीच्या कांठची माती आंतून पोकळ झालेली असूं शकते, म्हणून तेथून यंत्र दूर राखणें जरूर आहे.

लागवडीचें अंतर हेंही एक माप आहे. पोफळींत शिफारशीचें अंतर सुमारें नऊ फूट व माडांत सुमारें पंचवीस फूट असतें. माडांच्या ओळींतून पुष्कळ यंत्रें जातील. परंतु जुन्या वाड्यांत माडांच्या मध्यें पोफळी, मिरवेल, जायफळ अशी दाटी असते. तेथें हिशेब पोफळीच्या अंतरावर करावा, आणि यंत्राच्या दोन्ही अंगांस निदान एक एक फूट मोकळा राहील असें पाहावें.

४. यंत्रांचे प्रकार व त्यांचे गुणदोष

ज्यास आपण सर्वसाधारणपणें जेसीबी म्हणतों, तें पुढें बकेट व मागें खोदण्याचा हात असलेलें यंत्र होय. मुळांत तें एका इंग्रज कंपनीचें नांव. त्या कंपनीचीं यंत्रें १९७९ पासून भारतांत तयार होऊं लागलीं, आणि पुढें नांवच यंत्राचें झालें. त्याचें वजन सात-आठ टन व रुंदी साडेसात फुटांच्या आसपास असते. रस्त्यावरील गाडी भरण्यास, मुळें उपटण्यास, मोठे बुंधे सरकविण्यास तें उत्तम. नऊ फुटांच्या पोफळींच्या ओळींतून मात्र त्यास नेणें म्हणजे वांचलेलीं झाडेंही गमावणें होय.

दुसरा प्रकार, ट्रॅक्टरास पुढें जोडावयाचा लोडर. ज्याच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्यास हा थोड्या खर्चांत मिळतो. परंतु वजन पुढें आल्यानें पुढच्या आंसावर ताण पडतो व मागलीं चाकें हलकीं होतात; म्हणून मागें पुरेसें प्रतिवजन बांधल्याखेरीज ओंडका उचलूं नये. लोडरमुळें ट्रॅक्टराची लांबी वाढते आणि त्यास वळावयास मोठी जागा लागते. सपाट व मोकळ्या आमराईस हा योग्य. दाट वाडीस नव्हे.

तिसरा प्रकार, स्किड स्टीअर लोडर. याच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. १९५७ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रॉथसे या गांवीं सिरिल व लुई केलर या दोघां भावांनीं टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याकरितां तीन चाकांचें एक लहान यंत्र बनविलें. त्याच्या गोठ्याच्या माडीवर खांबांची दाटी होती. तेथें विष्ठा काढण्यास माडीस पेलेल इतकें हलकें व खांबांमधून फिरेल इतकें लहान यंत्र हवें होतें. पुढें मेलरो कंपनीनें तें हातीं घेतलें व १९६० सालीं त्यास चार चाकें आलीं. सारांश, हें यंत्र ताकदीच्या हव्यासांतून निघालें नाहीं. अडचणीच्या जागेंतून निघालें. याच्या एका बाजूचीं दोन्ही चाकें एका गतीनें व दुसऱ्या बाजूचीं दुसऱ्या गतीनें फिरतात. त्यामुळें तें जागच्या जागीं वळतें. रुंदी पांच ते सहा फूट, वजन अडीच ते साडेतीन टन, आणि उचल बहुधा सहाशें ते नऊशें किलो. दोष असा कीं, जागीं वळतांना चाकें घसटून जमीन सोलली जाते. ओल्या जमिनींत व पोफळीच्या वरवरच्या मुळ्यांवर हा दोष मोठा ठरतो.

चौथा प्रकार, चाकांऐवजीं रबरी पट्ट्यांवर चालणारा लोडर. याचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरत असल्यानें तो पुळणींत व चिखलांत कमी रुततो. जून-जुलैमध्यें काम करावयाचें असल्यास याचा विचार अवश्य करावा. मात्र पट्ट्या महाग असतात, जांभ्या दगडाच्या कडांवर त्या लवकर झिजतात, आणि जागीं वळल्यास हेही जमीन उकरतात.

पांचवा प्रकार, मधोमध सांध्यावर वळणारा लहान चाकी लोडर. यांत चाकें घसटत नाहींत, म्हणून जमिनीस इजा कमी होते व पाट-वाफे टिकतात. परंतु वळलेल्या स्थितींत त्याचा तोल कमी होतो. सरळ असतां उचललेलें ओझें वळतांना त्यास पेलेलच असें नाहीं. घेतांना वळलेल्या स्थितींतील उचलीचा आंकडा विचारावा.

सहावा प्रकार, चालकानें मागें उभें राहून किंवा मागून चालत चालवावयाचा छोटा लोडर. रुंदी तीन ते साडेतीन फूट, वजन पाऊण ते सव्वा टन, व उचल बहुधा दोनशें ते साडेचारशें किलो. आपल्या वाडीच्या चार-साडेचार फुटी दारांतून जाणारा हाच एक. मोठ्या बुंध्यास हा पुरणार नाहीं. परंतु ज्या पहिल्या उचलींत मनुष्याची पाठ जाते, ती टाळण्याचें सामर्थ्य याच्यांत आहे.

जेथें यांपैकीं कांहींच जात नाहीं, तेथेंही मनुष्याच्या खांद्याखेरीज साधनें आहेत. दोन चाकांची कमान करून तिच्याखालीं सांखळीनें ओंडका टांगून नेतां येतो. चेन-पुलीनें किंवा हातानें फिरविण्याच्या विंचानें तो उतारावरून वर ओढतां येतो. लांकूड पकडण्याच्या लोखंडी चिमट्यानें वांकणें कमी होतें. आणि पहारीच्या आधारानें गोल तुकड्यांवरून ओंडका सरकवितां येतो. हीं साधनें गांवच्या लोहाराकडूनही करवून घेतां येण्यासारखीं आहेत.

५. उचलीच्या आंकड्याचा खरा अर्थ

यंत्राबरोबरच्या पत्रकांत उचलीचे दोन आंकडे असतात, व त्यांचा घोटाळा करूं नये. ज्या वजनास यंत्राचा मागील भाग जमीन सोडूं लागतो, तें कलंडण्याचें वजन. त्याच्या निम्में वजन चाकांच्या यंत्रास कामाचें वजन म्हणून धरतात. पट्ट्यांच्या यंत्रास तें शेंकडा ३५ च धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे १,४०० किलोस कलंडणारें चाकांचें यंत्र ७०० किलोंच्याच कामाचें. विक्रेता मोठा आंकडा पुढें करील. आपण लहान आंकडा विचारावा.

या लहान आंकड्यांतूनही वजाबाकी करावी लागते. ओंडका बकेटींत नुसता ठेवून नेणें धोक्याचें; तो गडगडून चालकाच्या अंगावर येऊं शकतो. त्याकरितां वरून मिटणारा लोखंडी पंजा पाहिजे. स्किड स्टीअरच्या पंज्याचें वजन दोन-तीनशें किलो असतें. ७०० किलोंतून अडीचशें वजा जातां ४५० उरले. तेवढ्यांत वर सांगितलेला ३३८ किलोंचा आंब्याचा ओंडका दहावा भाग अधिक धरूनही बसतो. छोट्या लोडरची उचल २५० किलो व पंजा १०० किलोंचा असेल तर १५० किलो उरले; त्यांत तीन फूट घेराच्या माडाचा सहा फुटी तुकडा, म्हणजे १२२ किलो व वरचा दहावा भाग मिळून १३४ किलो, बसतो. सात फुटी तुकडा मात्र बसत नाहीं. करवत कोठें लावावी हें असें आंकड्यावरून ठरतें.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. सहा फुटी ओंडका पंज्यांत आडवा धरला तर यंत्राची रुंदी सहा फूट झाली. चार फुटी दारांतून तो जाणार नाहीं. उभा धरला तर वजन पुढें जातें व उचल घटते. अशा वेळीं फिरणारा पंजा असल्यास बरें. नसल्यास तुकडे साडेतीन फुटांचे करावे, किंवा ओंडक्याचें एक टोंक उचलून दुसरें जमिनीवरून ओढीत न्यावें. ओढतांना सुमारें अर्धेंच वजन यंत्रावर येतें, परंतु वाटेवर चर पडतो. म्हणून ही रीत पाटावरून वापरूं नये.

६. एक उदाहरण

समजा, एका वाडीचें दार सव्वाचार फूट आहे, रस्त्यापासून शेवटचा माड तीनशें फुटांवर आहे, वीस माड व कांहीं पोफळी पडल्या आहेत, आणि दाराजवळ आंब्याचा एक मोठा वृक्ष रस्त्याकडे कलून आडवा झाला आहे. येथें एकाच यंत्रानें सर्व काम करूं पाहणें चुकीचें. आंब्याच्या बुंध्यास रस्त्यावरून मोठें यंत्र लावावें; तें काम कांहीं तासांचें आहे. आंतील माडांस छोटा लोडर लावून साडेतीन फुटी तुकडे सरळ रस्त्यावरील गाडीपर्यंत न्यावे, म्हणजे पहिल्या तिन्ही उचली एकांतच संपल्या. झावळ्या व डहाळ्या वजनानें हलक्या परंतु आकारानें फुगीर असतात; त्यांचे भारे बहुधा स्त्रिया डोक्यावरून वाहतात. पंज्यानें त्यांचा मोठा झुबका एका वेळीं नेतां येतो. हा लाभ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वाटेवर कापलेल्या झावळ्या व फळ्या अंथरल्यास चाकें रुतत नाहींत, आणि जागीं वळण्याऐवजीं पुढें-मागें करून वळल्यास मुळ्या वांचतात.

७. खर्चाचा विचार

अशीं यंत्रें एकट्या बागाईतदारानें विकत घ्यावीं असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. यंत्राची घट, व्याज व विमा हा खर्च यंत्र उभें असलें तरी चालूच राहतो. वर्षांत शंभर तास चाललेल्या यंत्रावर हा खर्च दर तासीं जितका बसतो, त्याचा पांचवा हिस्सा पांचशें तास चाललेल्या यंत्रावर बसतो. वादळ दर वर्षीं येत नाहीं. तेव्हां केवळ पडझडीकरितां घेतलेलें यंत्र तोट्यांत जाईल. परंतु तोच लोडर बकेट लावून खत पसरतो, गाळ काढतो, माती भरतो, नारळाचे ढीग हलवितो. या कामांचे तास मिळवून पांच-सहा गांवच्या सभासदांत एक यंत्र सोसायटीनें ठेवल्यास हिशेब जमण्याजोगा होतो. केंद्र सरकारनें २०१४-१५ पासून कृषि यांत्रिकीकरणाच्या उपअभियानांत भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांस साहाय्य देण्याचें धोरण सुरू केलें. अशा केंद्रांच्या यादींत ट्रॅक्टर व नांगर यांबरोबर ओझें उचलणारें यंत्रही असावें, ही मागणी सोसायट्यांनीं करण्यासारखी आहे.

मजुरांची रोजी बुडेल, असा आक्षेप कोणी घेतील. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु कापणें, सांखळी लावणें, निवडणें, रचणें, वाट करणें हीं कामें माणसांसच करावयाचीं आहेत. यंत्रानें जातें तें केवळ ओझें. कंबर मोडून चार महिने घरीं बसलेल्या गड्याची रोजी कोणत्या हिशेबांत धरावयाची, हेंही आक्षेप घेणारांनीं सांगावें.

८. सावधगिरी व कायदा

उतारावर यंत्राची जड बाजू नेहमीं चढाकडे ठेवावी. भरलेला लोडर पुढून जड असतो. तो चढतांना पुढें व उतरतांना मागें चालवावा. रिकामा लोडर मागून जड असतो. त्याचें याच्या उलट. ओझें जमिनीलगत धरून न्यावें. उंच धरलेलें ओझें थोड्या खांचेनेंही यंत्र उलथवितें. बकेटींत माणूस बसवूं नये, किंवा उभा करून फांदी तोडावयास लावूं नये. उचललेल्या हातांखालीं आधार लावल्याशिवाय कोणी जाऊं नये. बसून चालविण्याच्या यंत्रावर चालकाच्या डोक्यावर लोखंडी पिंजरा असावा व पट्टा बांधलेला असावा. दुसऱ्या झाडांत अडकून राहिलेलें झाड ओढावयास लहान यंत्र लावूं नये. त्या कामास जाणता मनुष्य बोलवावा. विजेची तार पडली असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत यंत्र व मनुष्य दोन्ही दूर ठेवावीं. खुणा करणारा एकच मनुष्य नेमावा. चौघांच्या ओरडण्यानें चालक गोंधळतो.

पडझडीच्या वेळीं घाईनें ओंडके हलविण्यापूर्वीं पंचनामा करून घ्यावा; गांवपातळीवरील महसूल, ग्रामपंचायत व कृषि खात्याच्या कर्मचाऱ्यांसमक्ष झाडांची संख्या व जात नोंदली गेली पाहिजे, नाहीं तर पुढें मदतीचा अर्ज लंगडा पडतो. वाट अडली असल्यास आधीं छायाचित्रें घेऊन मगच ती मोकळी करावी. उभीं झाडें तोडावयाचीं असल्यास, झाडतोडीचें नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचींत आंबा, फणस, चिंच, साग, खैर इत्यादि जाती आहेत व त्यांस पूर्वपरवानगी लागते, हें विसरूं नये.

शेवटीं सभासद बंधूंस एक सूचना. पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या वाडीचा साधा नकाशा काढून त्यावर दाराची रुंदी, वाटेंतील सर्वांत अरुंद जागा, डोक्यावरील मोकळीक, सर्वांत मोठ्या झाडाचा घेर आणि रस्त्यापासूनचें अंतर, हे पांच आंकडे लिहावे व त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरीं द्यावी. एक फीत व अर्धा दिवस, यापलीकडे यास खर्च नाहीं. असे पन्नास नकाशे जमले कीं, आपल्या भागास कोणत्या मापाचें यंत्र हवें, हें विक्रेत्याच्या पत्रकावरून नव्हे तर आपल्या वाड्यांवरून ठरवितां येईल.